नाताळपुरती शांती

१ डिसेंबर

आजपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की यंदा घरावर दिवे कमी लावा आणि घरात शांती जास्त आणा, आणि ती येताना कशी दिसली ते रोज चार ओळींत टिपून ठेवा. सगळ्या मंडळीने माना डोलावल्या. बाहेर पडल्यावर जो तो दिव्यांच्या माळांचीच चौकशी करत होता. तेव्हा लिहिणारा मी एकटाच निघणार असं दिसतं. शाळा माझी अर्धवट झाली. जे वाचायला आलं ते खिळे बांधून येणाऱ्या रद्दीच्या कागदांवरून आलं. जन्मभर सुतारकाम केलं, त्यामुळे पेन्सिलीशी माझी ओळख कानाची, बोटांची कमी. तरी लिहितो.

घरात आम्ही पाच जण. मी, ही, मुलगा, सूनबाई आणि आक्का. आक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ‘पंधरा दिवस राहून जाते’ म्हणून आली, त्याला आता वर्ष होत आलं. हॉलच्या एका बाजूला पडदा लावून तिची खाट टाकली आहे. ट्रंक खाटेखाली. किती दिवस राहणार हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

अडचण आहे ती हिची आणि आक्काची. सकाळी दूध उतू जायच्या आत दोघींची जुंपते. चहाला पाणी किती, पांघरूण उन्हात कधी टाकायचं, आमच्या लग्नात केक कोणी कापला. विषय नसला तर आदल्या दिवशीचा शिळा विषय गरम करून घेतात.

एक गोष्ट इथे लिहून टाकतो. गेल्या आठवड्यात डोकं फार उठलं तेव्हा पाळकसाहेबांपाशी मी बोलून गेलो की आक्काची कुठे सोय झाली तर बरं होईल. नुसतं बोललो. माणूस बोलतो. त्यांनी ते मनावर घेतलं. मंडळीच्या वृद्धगृहात नव्या वर्षापासून एक खोली मोकळी होते आहे, नाताळपर्यंत काय ते कळवा म्हणाले. मी ‘बघू’ म्हटलं. माझ्या ‘बघू’चा अर्थ मलाही नक्की ठाऊक नसतो. ते तोंडातून निघालं की विषय मिटतो, एवढं खरं.

घरात कोणाला सांगितलेलं नाही.

३ डिसेंबर

जेवताना सगळ्यांना सांगितलं की नाताळ होईपर्यंत या घरात वाद होणार नाहीत. कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही, आवाज चढवायचा नाही, आणि जुनं उकरायचं नाही.

ही म्हणाली, “आणि नाताळानंतर?”

मी म्हटलं, नंतरचं नंतर बघू.

आक्काने विचारलं की म्हणजे आता चहा पाणचट झाला तरी तो गोड मानून प्यायचा का. ही तोंड उघडणार इतक्यात मी बोट वर केलं. मुलगा मान खाली घालून हसत होता. सूनबाईने पाव पुढे केला. शांतीची सुरुवात वाईट झाली असं म्हणता येणार नाही.

६ डिसेंबर

शांती आणायची ती वरवर नको, पार मुळापासून आणावी म्हणून कामाला लागलो. आमच्या घरातलं दार न दार करकरतं. सुतार असून स्वतःची दारं रडतात हे लग्नापासून ही ऐकवते आहे. आज सगळ्या बिजागऱ्या काढल्या, घासल्या, तेल घालून पुन्हा बसवल्या. कड्या सैल केल्या. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवले. कपाटाचं दार बंद होताना धाडकन वाजायचं, त्याला रबर लावलं. पडद्याच्या कड्या पितळी होत्या, त्या खणखणतात म्हणून दोरी ओवली.

संध्याकाळी घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी अवस्था. मी हॉलमध्ये बसून डोळे मिटले. येशू जन्मला त्या रात्री मेंढपाळांनाही असंच वाटलं असेल.

९ डिसेंबर

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दार करकरलं की कोण येतं आहे हे या घरात सगळ्यांना कळायचं. हिचं दार ढकलणं वेगळं, मुलाचं वेगळं. त्याप्रमाणे आतली माणसं वेळेवर विषय बदलायची. आता कोणाला काही कळत नाही.

काल सूनबाई स्वयंपाकघरात गेली तर ही सूनबाईनेच घडी केलेले टॉवेल मोडून पुन्हा घड्या घालत होती. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या म्हणे. आज मुलगा अंघोळ करून बाहेर आला तर त्याची बायको फोनवर बहिणीला सांगत होती की आमच्याकडे सासरे सध्या शांतीची मोहीम चालवतात, घरात श्वास घ्यायचा तरी हळू घ्यावा लागतो. मग मीही मुलाच्या खोलीत गेलो आणि मुलगा बायकोला माझी नक्कल करून दाखवत होता. बोट वर करून. नक्कल चांगली होती.

नियमामुळे कोणी काही बोलू शकलं नाही. सगळे ‘असू दे, असू दे’ म्हणून आपापल्या कामाला लागले. शांती म्हणतात ती हीच असावी, पण खोलीत शिरताना मी आता आधी खोकतो. कदाचित सवय नसल्यामुळे.

१२ डिसेंबर

दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. खोलीसाठी आणखी एकजण विचारतो आहे, तुमचं काय ठरलं? मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो, तिथेच बोलत उभा राहिलो. म्हटलं, एक तारखेपासून वृद्धगृहात जायचं हे आक्काला अजून सांगितलेलं नाही, नाताळ शांतपणे होऊ द्या, मग तिच्या कानावर घालतो. ते म्हणाले, म्हणजे खोली राखून ठेवू ना? मी म्हटलं, बघू.

वळलो तर दारात आक्का.

केव्हा आली समजलंच नाही. बिजागरीने हूं की चूं केलं नाही. मी फोन खिशात टाकला. पण तिने फक्त साखरेचा डबा कुठे ठेवला असं विचारलं, मी दिला, आणि ती गेली. तेव्हा तिने काही ऐकलेलं नाही. वयामुळे तिला हल्ली कमी ऐकू येत असावं. देवाची कृपा.

१५ डिसेंबर

तेलाचा गुण म्हणावा की प्रार्थनेचा, आक्का अगदी बदलून गेली आहे. चहा पाणचट असो की कडू, ‘छान झालाय’ म्हणते. भाजीत मीठ विसरलं होतं, तीही गुपचूप खाल्ली. सकाळी तिच्या खाटेवरची चादर अशी ताणलेली असते की कोणी झोपलं होतं असं वाटू नये. हॉलमध्ये बसली तर खुर्चीच्या काठावर बसते. मी सूनबाईला म्हटलं, बघ, मनात आणलं की माणूस किती सुधारतो. सूनबाई ताटं उचलून आत गेली.

आज तर कहरच झाला. आक्का हिला म्हणाली, “तुम्ही बसा, मी भांडी घासते.”

तुम्ही! माझ्या बायकोला! लग्न होऊन आली त्या दिवसापासून आक्काने तिला ‘अगं’ आणि ‘तू’ याशिवाय हाक मारलेली नाही. हिच्या हातातली परात तशीच राहिली. नंतर ही मला बाजूला घेऊन म्हणाली की आक्कांना बरं नाही का, डॉक्टरांकडे नेऊन आणा. मी म्हटलं, अगं, याला शांती म्हणतात. ही माझ्याकडे अशी बघत राहिली की मी डोळ्यांत कचरा गेल्यासारखं केलं.

१८ डिसेंबर

नाताळ जवळ आला तसा आक्काचा हात सैल सुटला आहे. तिची लोकरीची शाल तिने सूनबाईच्या खांद्यावर घातली. मुलाला मेहुण्यांचं घड्याळ दिलं. आणि केकचं ते जुनं पत्र्याचं भांडं, जे आईचं, आणि जे कोणाकडे असावं यावरून हिच्यात आणि तिच्यात इतकी वर्षं धुसफूस चालू आहे, ते घासूनपुसून हिच्यासमोर ठेवलं. म्हणाली, तुमच्याकडेच राहू द्या, मी आता कुठे केक करते.

ही ते भांडं हातात घेऊन बराच वेळ उभी होती. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं तरी चेहरा पडलेला. बायकांचं मन मला कधीच कळलं नाही. मला वाटतं, दान करण्यात जो आनंद असतो तो आक्काला यंदा सापडला.

२० डिसेंबर

पाळकसाहेब घरी येऊन गेले. दार उघडताना आवाज नाही, खुर्ची सरकवताना आवाज नाही, आणि घरातली माणसंही एकेका शब्दात बोलणारी. ते भारावून गेले. म्हणाले, मिस्त्रीकाका, मी इतकी घरं हिंडतो, पण अशी शांती पाहिली नाही. आक्काने त्यांना चहा दिला. ‘आपण’ म्हणून बोलली. ही बिस्किटं ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

जाताना जिन्यात त्यांनी माझा हात धरला. नाताळच्या उपासनेत तुमच्या घराचा दाखला देणार म्हणाले. मला संकोच वाटला. मी ‘बघू’ म्हणणार होतो, पण तोपर्यंत ते खाली उतरले होते.

दोन दिवस भूक लागत नाही. तेलाच्या वासाने असेल.

२३ डिसेंबर

आज सगळं अंगाशी आलं.

ही इस्त्रीचे कपडे द्यायला पडद्याआड गेली. दोरीवर पडदा आवाज न करता सरकला. आक्का खाली बसून ट्रंक भरत होती. कपडे भरून झाले होते, वर चष्म्याचं घर आणि पवित्र शास्त्र ठेवायचं राहिलं होतं. हिने विचारलं, हे काय? आक्का म्हणाली की एक तारखेला घाई नको म्हणून आधीच आवरते. ही म्हणाली, एक तारखेला काय आहे? तेव्हा आक्काला कळलं की हिला यातलं काही ठाऊक नाही.

मी दुकानातून आलो तर ही दारातच उभी. नियम वगैरे काही नाही. जिन्यातल्या चारही घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आक्कांना आश्रमात टाकायला निघालात? कोणाला विचारून?”

मी सांगू लागलो की तुमच्या दोघींच्या रोजच्या भांडणामुळेच माझ्या तोंडून ते गेलं, तुलाच सुटका हवी असेल असं मला वाटलं.

“आम्ही भांडतो,” ही म्हणाली, “कारण या घरात मला कोणीतरी उत्तर देतं. तुम्ही काय देता? बघू. मुलगा काय देतो? हो आई. सकाळपासून झोपेपर्यंत माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारी ती एकटी आहे. चुकीचं बोलते, पण बोलते.”

मग ती रडली. मग मला आणखी बोलली. सूनबाईने मध्ये पडून तिला पाणी दिलं, आणि मला नाही दिलं.

२४ डिसेंबर

सकाळी आक्काजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आक्का, तुला जा असं या घरात कोणीही म्हणालेलं नाही.

ती चष्मा पुसत होती. म्हणाली, “खरंय, लहान्या. जा कोणी म्हणालं नाही. पण राहा असंही कोणी म्हणालेलं नाही. वर्षभर वाट बघितली. तोवर भांडत होते ना तुझी बायको नि मी, वाटायचं की चला, घरच्यासारखं चाललंय. मग एकदम सगळे माझ्याशी नीट वागायला लागलात. पाहुण्याशी वागतात तसं. तुझं ते फोनवरचं नसतं ऐकलं तरी मला कळलंच असतं.”

मी म्हटलं, ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात तू केलीस.

“मी कशाला मागे राहू?” ती म्हणाली.

मला तिला राहा म्हणायचं होतं. शब्द अगदी दाताशी आला होता. पण मग हॉलचं काय, पडद्याचं काय, पाळकसाहेबांना काय सांगायचं, हिचा राग कधी उतरणार, असं एकेक डोक्यात येत गेलं आणि मी म्हटलं, उद्याचा दिवस तेवढा आनंदात जाऊ दे. ती ‘हो’ म्हणाली. ट्रंकेची कडी तिने माझ्यासमोर लावली.

सगळा दिवस स्वतःशीच चिडून होतो. मुलगा नाताळचा तारा टांगताना मदतीला या म्हणाला तर त्याच्यावरही खेकसलो. नियम मोडणारा मी दुसरा.

२५ डिसेंबर

नीट क्रमाने लिहितो, कारण घरी आल्यापासून प्रत्येकजण वेगळं सांगतो आहे.

उपासनेला देऊळ गच्च भरलं होतं. मी पुरुषांकडच्या बाकांवर, ही आणि आक्का समोर बायकांकडे, मध्ये सूनबाई बसली होती कारण ही अजून कोणाशीच बोलत नव्हती. गाणी झाली. उपदेश शांतीवर झाला. शेवटी पाळकसाहेब म्हणाले की शांती कशी असते याचा जिवंत नमुना आपल्यातच आहे. आपले मिस्त्रीकाका. त्यांच्या घरात दारसुद्धा आवाज करत नाही. आणि त्याच शांतीने त्यांच्या थोरल्या भगिनी नव्या वर्षापासून आपल्या वृद्धगृहात राहायला येत आहेत, घरच्यांच्या आशीर्वादाने, कसलीही कटुता न ठेवता. आपण टाळ्यांनी त्यांचं स्वागत करू. माझा ‘बघू’ त्यांनी होकार धरला होता, आणि आक्काला एव्हाना सांगून झालं असेल असंही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कासुद्धा हळू टाळ्या वाजवत होती. स्वतःच्या जाण्यासाठी. ते मी पाहिलं, आणि पुढे मी काय केलं ते मी ठरवून केलेलं नाही. उभा राहिलो.

पाळकसाहेबांना वाटलं की मला साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाने घरात काय केलं ते सांगायचं आहे. त्यांनी आनंदाने माईक पाठवून दिला. हातात आल्यावर तो परत कसा करायचा ते समजेना. मी म्हटलं, “माझी बहीण कुठे जात नाही. ती आमच्याकडे राहते आहे.”

आता खाली बसावं तर बाकीचं अर्धवट राहतं, म्हणून मी पुढे सांगत गेलो. हॉल सोळा फूट लांब आहे. पडदा काढायचा. सात फुटांवर उभ्या चौकटी घालायच्या, दोन्ही अंगांनी फळ्या मारायच्या, मध्ये अडीच फुटी दार ठेवायचं. म्हणजे आत खाट, कपाट आणि एक खुर्ची आरामात मावते आणि बाहेर जेवणाचं टेबल तिरकं लावलं की बसतं. फळ्या वखारीत मिळतील. आजच सुरुवात करता येईल. वृद्धगृहातली खोली मी राखून ठेवा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं, ते चुकलं. पाळकसाहेब हसत होते, पण तोंडावरचं हसू कुठे ठेवावं हे त्यांना समजत नसल्यासारखं.

बायकांच्या बाकांवरून आक्काचा आवाज आला, मोठा, पूर्वीसारखा.

“आणि खिडकी?”

सगळी मंडळी तिकडे वळली.

“हॉलला खिडकी एकच,” आक्का म्हणाली. “सात फुटांवर भिंत घातलीस तर खिडकी माझ्या बाजूला येते. तिच्यात तुझी बायको बसते रोज दुपारी. ती कुठे बसेल?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी मनात मापं फिरवू लागलो. पाच फुटांवर घातली तरी खिडकी तिकडेच. तेव्हा ही उठली. हातातलं गाण्यांचं पुस्तक बाकावर आपटून म्हणाली, “खिडकी जाऊ दे त्यांच्या बाजूला. मला काय, या माणसाबरोबर अंधारातच दिवस काढलेत. आणि हे घरी बोलायचं असतं की देवळात? चला आता.”

कोणीतरी मागे हसलं, मग सगळेच हसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने आशीर्वाद दिला.

वाटेत आक्का हिला म्हणाली, “पुस्तक कशाला आपटलंस? फाटलं असतं ना.” ही म्हणाली, “तुम्हाला मोठ्याने विचारायची काय गरज होती?” तिथून घरापर्यंत दोघी थांबल्या नाहीत. मुलगा आणि सूनबाई मागे राहून चालत होती.

वखार नाताळची बंद होती. वखारवाल्याला घरून उठवून आणला. तो खूष नव्हता.

२७ डिसेंबर

दोन दिवस हातोडा चालू आहे. शेजारी तक्रार करून गेले की सणासुदीला काय हा आवाज. मी त्यांची माफी मागितली आणि पुढचा खिळा मारला.

पार्टिशन उभं राहिलं. आक्काने ट्रंक उघडून कपडे कपाटात लावले. आतली फळी तिरकी आहे असं तिचं म्हणणं. मी लेव्हल लावून दाखवली, बुडबुडा मधोमध होता. तिने हिला बोलावलं. हिने डोळा बारीक करून पाहिलं आणि तिरकीच आहे म्हणाली. वर्षभरात दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं ते हे पहिलं. फळी मी उतरवून पुन्हा मारली. पहिली बरी होती असं आता दोघी म्हणतात.

दुपारी ही सवयीने खिडकीत बसायला निघाली आणि पार्टिशनपाशी अडखळली. मग आतून आक्का म्हणाली, “अगं, ये ना, दार कशाला ठेवलंय?” ही आत गेली, आणि गेल्या गेल्या खिडकीचे पडदे धुवायला झाले आहेत म्हणून तिने सुरुवात केली.

सूनबाई माझ्याजवळ चहा ठेवून म्हणाली, “बाबा, फळ्या फार पातळ आणल्यात हो. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं.”

जाड फळ्याही होत्या वखारीत. मी हात लावून पाहिल्या होत्या. तिला तसं काही सांगितलं नाही, चहा घेतला आणि ऐकत बसलो. आमच्या लग्नात केक कोणी कापला, तिथपर्यंत दोघी आल्या होत्या.